कॉर्नफ्लॉवर : पेरणी आणि निगा

कॉर्नफ्लॉवर ही सूर्यफुलाच्या कुळातील, निळ्या फुलांची हंगामी वनस्पती मूळची युरोपातील. तेथे ती धान्याच्या शेतांत तण म्हणून उगवत असे. त्यावरूनच तिला हे नाव पडले. स्वयंपाकातील कॉर्नफ्लोअरशी तिचा संबंध नाही.

दौलतराव शिंदे यांच्या १८१० मधील छावणीतून वसलेल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात हिवाळा कडक, तर उन्हाळा भाजून काढणारा असतो. त्यामुळे तेथील परसबागेत या फुलाचे यश पेरणीच्या वेळेवर अवलंबून राहते. पाऊस ओसरताच, ऑक्टोबरमध्ये बी पेरावे. उशीर झाल्यास रोप वाढण्याआधीच उन्हाळा गाठतो आणि फुले मोजकीच येतात. गोव्यात थंडी सौम्य व अल्पकाळ असल्याने हा विलंब अधिकच भोवतो.

रोपांना स्थलांतर मानवत नाही. म्हणून बी वाफ्यातच सुमारे १ सेंमी खोल पेरून मातीने पूर्ण झाकावे. एक-दोन आठवड्यांत अंकुर दिसतात. विरळणी करून रोपांत २० ते २५ सेंमी अंतर ठेवावे. भरपूर ऊन, निचऱ्याची जमीन व बेताचे पाणी पुरते. खताचा अतिरेक केल्यास पाने माजतात, फुले घटतात. वाळलेली फुले खुडत राहिल्यास बहर लांबतो. मात्र अखेरची काही फुले झाडावरच वाळू द्यावीत. पुढील वर्षाचे बी त्यांतूनच मिळते.