गाव नेमकं कशाने उठलं?

इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये वोल्ड्स नावाच्या चुनखडीच्या बुटक्या टेकड्या आहेत. तिथलं व्हॅरम पर्सी हे छोटं गाव आज ओसाड आहे. एका पडक्या चर्चशेजारी गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे तेवढे दिसतात. आपल्या महसुली दप्तरात अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणतात.

आता तुम्हाला विचारलं, हे गाव कशाने उठलं, तर तुम्ही काय सांगाल? बहुतेकजण म्हणतील, प्लेग. १३४८-४९ च्या साथीत इंग्लंडमध्ये प्रचंड माणसं मेली, तेव्हा गाव ओसाड होणारच! उत्तर पटतं, म्हणूनच ते तपासायला हवं.

मॉरिस बेरेसफर्ड हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक आणि जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ. दोघांनी मिळून १९५० ते १९९० दर उन्हाळ्यात इथे उत्खनन चालवलं. एकाने कागद वाचायचे, दुसऱ्याने माती. साथीनंतर जवळजवळ वीस वर्षांनी, १३६८ मध्ये, इथे सुमारे ३० घरं नांदती होती, असं कागद सांगतात. म्हणजे प्लेगने गावाला मोठा फटका दिला, पण गाव संपलं नव्हतं. ते उठलं इ.स. १५०० च्या आसपास. तोवर शेतीपेक्षा लोकरीत जास्त पैसा दिसू लागला होता. मेंढ्यांना कुरण लागतं, माणसं फारशी लागत नाहीत. १५१७ च्या सरकारी चौकशीत नोंद आहे: जमीनमालकाने चार नांगर बंद पाडले, चार घरं ओस पाडली.

इथे थांबा. ‘गावात शेवटी चारच घरं होती’ असं लगेच लिहू नका. ही चौकशी १४८८ नंतरच्या घटनांपुरतीच होती. त्याआधी कोणी गेलं असेल, तर ते या नोंदीत येणारच नाही. कागद काय सांगतो याआधी तो कशासाठी केला गेला, हे विचारा.

चर्चचंही तसंच. त्याचे बाजूचे भाग पुढे पाडले गेले आणि कमानी दगडांनी बुजवल्या गेल्या. माणसं घटल्याची खूण भिंतीतच आहे. पण हे चर्च एका गावाचं नव्हतं, आसपासच्या आणखी चार वस्त्यांचंही होतं. मग ही खूण नेमकी कोणाच्या घटीची? थिक्सेनडेल सोडली तर बाकीच्या वस्त्याही पुढे जवळपास रिकाम्या झाल्या.

प्लेग की मेंढ्या, हा वाद नुसता तपशिलाचा नाही. साथीवर खापर फोडलं की जबाबदार कोणीच उरत नाही. मालकाने कुळांना उठवलं म्हटलं की निर्णय घेणारा माणूस समोर येतो आणि बेघर झालेली कुटुंबंही. म्हणून प्रबंधात ‘अमुक कारणामुळे’ लिहिण्याआधी दोन तारखा शेजारी मांडा: कारणाची आणि परिणामाची. मध्ये दीडशे वर्षांचं अंतर निघालं, तर तुमचा खरा विषय त्या अंतरातच आहे.