समुद्रांतून जमविलेलें दप्तर

सावदा हें गांव निजामाकडून पेशव्यांकडे इ. स. १७६३ मध्यें आलें. असें विधान करावयाचें तर कागदास साल व स्थळ असावें लागतें. तीं नसल्यास अस्सल कागदही मुका होतो. हीच कसोटी लागू पडणारें एक निराळें दप्तर येथें संशोधकांपुढें ठेवीत आहों.

सावद्याच्या दक्षिणेकडून वाहणारी तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्रास मिळते. या समुद्रांत प्लवक नांवाचे सूक्ष्म जीव प्रवाहाबरोबर वाहत असतात. वनस्पति-प्लवक सूर्यप्रकाशाच्या योगें अन्न तयार करितात, प्राणि-प्लवक तें खातात आणि त्यांवर मासळी पोसते. इ. स. १९६० ते १९६५ या काळांतील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेंत अनेक राष्ट्रांच्या जहाजांनीं एकाच मापाचें जाळें २०० मीटर खोलीवरून सरळ वर ओढून प्राणि-प्लवक गोळा केले. त्यांची छाननी कोचीन येथील केंद्रांत झाली. पुढें १९६६ सालीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली व हें केंद्र तिच्यांत सामील झालें. संस्थेचें मुख्य ठाणें गोव्यांत दोना पावल येथें आहे.

अशा प्रत्येक बरणीची जागा, तारीख, वेळ व खोली नोंदलेली असावी लागते. पुष्कळसे प्राणि-प्लवक रात्रीं वर येतात व दिवसां खोल जातात. सबब वेळेची नोंद गळाली तर दोन बरण्यांची तुलना फसते. अरबी समुद्र आज तापत आहे. पूर्वीं त्यांत कोणते जीव किती होते, हें सांगणारी समकालीन साक्ष याच बरण्यांत आहे. रुमाल सोडतांना चिठ्ठी न हरविण्याची आपली दक्षता येथेंही तितकीच अवश्य होय.