कोपेश्वराच्या दक्षिण दारापाशी जरा थांबा

सुट्टी लागली की आपल्या इचलकरंजीतनं हरिद्वार, केदारनाथच्या यात्रा निघतात. जरूर जावं. पण त्यातल्याच कुणाला विचारा, "खिद्रापूरला कधी गेला होता?" बरेच जण म्हणतील, "शाळेच्या सहलीत." कुरुंदवाडवरनं तासाभराचा रस्ता!

कृष्णाकाठचं हे कोपेश्वराचं देऊळ शिलाहार काळातलं, बाराव्या शतकातलं. स्वर्गमंडपाला ४८ खांब, वर छताच्या जागी गोल आभाळ. पायाशी दगडी हत्तींची रांग. गाभाऱ्यात कोपेश्वर म्हणजे शिव, शेजारी त्याची समजूत घालणारा धोपेश्वर म्हणजे विष्णू. समोर नंदी नाही. तो सतीबरोबर गेला आणि आज नदीपलीकडं यडूरला आहे, अशी कथा सांगतात.

हे बहुतेकांना माहीत असतं. दक्षिण दाराजवळचा संस्कृत शिलालेख मात्र न बघताच लोक पुढं जातात. त्यावर शके ११३६ हे साल आहे. काही ठिकाणी ते इ.स. ११३६ म्हणून छापलेलं दिसतं, ते चूक. शकात ७८ मिळवा, म्हणजे इ.स. १२१३-१४ च्या आसपासचा काळ येतो.

लेख देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा. त्यानं नुकताच शिलाहार राजा दुसरा भोज याला हरवून पन्हाळा घेतला होता. म्हणजे देऊळ हरलेल्या घराण्याच्या काळातलं. तरीही जिंकणाऱ्यानं इथल्या देवाच्या पूजेअर्चेसाठी दान दिलं आणि ते दगडावर कोरून ठेवलं. राज्य बदललं, पण देवाची दिवाबत्ती थांबू दिली नाही.

आता आपलं बघा. आज हे सरकारचं संरक्षित स्मारक आहे, आपल्याकडं कुणी गाव मागत नाही. पण त्रिपुरारी पौर्णिमेचा चंद्र बघायला गर्दी होते, कुणी हत्तीवर बसून फोटो काढतं, कुणी खांबावर चावीनं नाव कोरतं. २०१९ आणि २०२१ चा महापूर शिरोळ तालुक्यानं सोसला. पूर आपल्या हातात नाही, आणि तो ओसरतो तरी. कोरलेलं नाव पुसता येत नाही.

तेव्हा या सुट्टीत पोरांना घेऊन जावा. दक्षिण दारापाशी थांबून त्यांना एवढंच सांगा: जिंकलेल्या राजानंही हे देऊळ आपलं मानलं. आपल्याला तर ते आयतं मिळालंय, निदान त्यावर ओरखडा तरी नको.