फॉर्म्युल्यांची वंशावळ

कर्जविभागात मी रुजू झाले तेव्हा प्रकल्प अहवालाचं गणित रुंद, आडव्या रकान्यांच्या कागदावर शिसपेन्सिलीने चालायचं. बाजूला वर्तमान मूल्याचं छापील टेबल आणि कॅल्क्युलेटर. विक्रीचा अंदाज जरा खाली आला की नफा, कर, रोख प्रवाह, कर्जफेड असं ओळीने सगळं खोडायचं आणि पुन्हा भरायचं. मोठ्या साहेबांनी ‘व्याज एक टक्का वाढलं तर?’ असं विचारलं की त्या दिवशीची घरी जायची वेळ टळलीच म्हणून समजा.

हीच खोडाखोड १९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या वर्गात डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी बघत होता. फळ्यावर कंपनीच्या आकड्यांचा तक्ता असे. त्यातला एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून नव्याने मांडावे लागत. आपोआप नव्याने हिशेब मांडणारा फळा असावा, असं त्याच्या मनात आलं. त्याने अ‍ॅपल टू संगणकावर कच्चा नमुना बनवला आणि त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन याने खरा प्रोग्रॅम लिहिला. १९७९ मध्ये तो ‘व्हिसिकॅल्क’ या नावाने विक्रीला आला. त्यात ६३ रकाने होते आणि २५४ ओळी. फंक्शन्स मोजकीच, पण बेरीज आणि सरासरीच्या जोडीला एनपीव्ही पहिल्यापासून होतं. बिझनेस स्कूलचा विद्यार्थी रोज गृहपाठात जे करतो, ते त्यात आधी आलं.

हा इतिहास मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून शिकवते, कारण त्या वेळी ठरलेल्या गोष्टी आज आपल्या शीटमध्ये मुकाट्याने काम करत असतात. एनपीव्हीचंच घ्या. आज एक लाख रुपये गुंतवले, पुढची पाच वर्षं दर वर्षअखेर तीस हजार मिळाले, डिस्काउंट रेट १२ टक्के धरला, तर निव्वळ वर्तमान मूल्य येतं ८,१४३ रुपये. पण उणे एक लाखासकट सहाही सेल रेंजमध्ये घेऊन एनपीव्ही लावलं की एक्सेल ७,२७१ दाखवतं. या फंक्शनच्या लेखी रेंजमधली पहिली रक्कम आजची नसते, पहिल्या वर्षाच्या अखेरची असते. त्यामुळे आज हातातून गेलेला लाखही एक वर्ष पुढे ढकलला जातो आणि सगळं उत्तर १.१२ ने भागलं जातं. व्हिसिकॅल्कमध्ये हीच रीत होती, तिथून ती पुढे आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये आली, लोटसमधून एक्सेलमध्ये. यावर उपाय सोपा आहे: पाच वर्षांच्याच रकमांना एनपीव्ही लावायचं आणि आजची गुंतवणूक बाहेरून वजा करायची. पण चुकीच्या रीतीनेही उत्तराचं चिन्ह बदलत नाही, प्रकल्प फायद्याचाच दिसतो, म्हणून चूक कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. मला तिची सर्वांत जास्त धास्ती वाटते ती याचसाठी. त्यात एक्सएनपीव्ही हे भावंड नेमकं उलट वागतं. ते तारखा मागतं आणि पहिल्या तारखेची रक्कम जशीच्या तशी धरतं.

लुकअपची गोष्ट मला याहून आवडते. व्हिसिकॅल्कमधल्या लुकअपमागे आयकराचं कोष्टक वाचता यावं ही एक गरज होती. फ्रँकस्टनला स्वतःचा कर त्याच शीटवर मोजायचा होता. करात नेमका आपल्या उत्पन्नाचा आकडा शोधायचा नसतो, आपण कुठल्या टप्प्यात बसतो ते पाहायचं असतं. आपल्या २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत साडेनऊ लाखांचं उत्पन्न आठ ते बारा लाखांच्या टप्प्यात पडतं. कोष्टकात साडेनऊ लाखांची ओळ नसतेच. म्हणून लुकअप चढत्या क्रमाच्या यादीत जवळची खालची ओळ पकडतं. व्हीलुकअपनेही तोच स्वभाव घेतला. चौथ्या जागी ‘फॉल्स’ लिहिलं नाही, तर ते करकोष्टक वाचल्यासारखंच वाचतं. मग ग्राहकांच्या खात्यांची यादी क्रमाने लावलेली नसली की एकाची येणेबाकी दुसऱ्याच्या नावापुढे येऊन बसते, आणि सेलमध्ये एररही दिसत नाही. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने एक्सलुकअप आणलं, तेव्हा कुठे नेमका जुळणारा शोध हा न सांगता मिळणारा पर्याय झाला. तोवर चाळीस वर्षं लोटली होती.

जानेवारी १९८३ मध्ये आयबीएम पीसीसाठी लोटस १-२-३ आलं. मिच केपॉरची कल्पना, जोनाथन सॅक्सचं प्रोग्रॅमिंग. त्यात आयआरआर, म्हणजे अंतर्गत परताव्याचा दर, काढायची सोय होती. कागदावर तो काढताना आम्ही दोन दर धरून मधला दर अदमासाने काढायचो. वरच्याच उदाहरणात १५ टक्क्यांचा फॅक्टर ३.३५२२, १६ टक्क्यांचा ३.२७४३ आणि आपल्याला हवा ३.३३३३, म्हणजे दर साधारण १५.२४ टक्के. एक्सेलचं आयआरआरही अदमासानेच चालतं. आपण काही सांगितलं नाही तर ते १० टक्क्यांपासून सुरुवात करतं, वीस खेपांत जुळलं नाही तर हात टेकतं. हे गणित मी मुलांकडून एकदा तरी हाताने करून घेते. रोख प्रवाहाचं चिन्ह मधेच दोनदा पालटलं की आयआरआर एकाहून अधिक निघू शकतात, हे ज्याने हाताने चाचपडून पाहिलंय त्याला लगेच पटतं.

लोटस तारखा १९०० च्या सुरुवातीपासूनचे दिवस मोजून ठेवायचं, आणि त्यात १९०० हे लीप वर्ष धरलं होतं. ते तसं नव्हतं. शंभरने भाग जाणाऱ्या वर्षाला चारशेनेही भाग जावा लागतो. पण लोटसच्या फाइल्स एक्सेलमध्ये बिनचूक उघडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती चूक जाणूनबुजून उचलली. आजही एक्सेलच्या सेलमध्ये ६० लिहून त्याला तारखेचा फॉरमॅट दिला, की २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख दिसते. मॅकवरच्या एक्सेलने तेव्हा १९०४ पासून मोजायला सुरुवात करून हा घोळ टाळला. त्या जुन्या मॅक फाइलमधल्या तारखा नुसत्या आकड्यांनी दुसऱ्या शीटमध्ये आल्या, तर १,४६२ दिवस मागे सरकलेल्या असतात. मुदत संपलेल्या ठेवींची किंवा कर्जाच्या हप्त्यांची जुनी शीट हातात आली, की मी सगळ्यांत आधी तिची ही सेटिंग तपासते, मग आकडे.