वाचाघाताचे मूल्यमापन व वर्गीकरण : एक ऐतिहासिक आढावा

मेंदूला इजा झाल्याने आधी अवगत असलेली भाषा अंशतः किंवा पूर्णतः गमावणे म्हणजे वाचाघात, अर्थात अफेजिया. त्याचे प्रकार तुम्ही कोष्टकातून पाठ करता. ते कसे ठरले, हे या पाठात पाहू.

१८६१ मध्ये पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी लेबोर्न्य नावाच्या रुग्णाला तपासले. तो जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ‘तां’ एवढेच म्हणे. येथे किती वर्षे आहात, असे विचारल्यावर मात्र त्याने पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवले : २१ वर्षे. उत्तर बरोबर होते. बोलणे गेले तरी समज टिकू शकते, हे या साध्या चाचणीतून दिसले. काही दिवसांत तो वारला. शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली.

१८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलट चित्र मांडले : बोलणे ओघवते, पण चुकीच्या शब्दांनी भरलेले आणि आकलन कमकुवत. १८८५ मध्ये लिख्टहाइम यांनी आकृती काढून पुनरुच्चारालाही महत्त्व दिले.

१९७२ च्या बॉस्टन चाचणीसारख्या पद्धती याच परंपरेतल्या. त्यांत मुख्यतः तीन गोष्टी पाहतात : ओघ, आकलन, पुनरुच्चार.

• ब्रोका प्रकार : ओघ तुटक, आकलन तुलनेने चांगले, पुनरुच्चार कमकुवत.
• वेर्निके प्रकार : ओघ टिकलेला, आकलन व पुनरुच्चार कमकुवत.
• वहन प्रकार : ओघ व आकलन बरे, पुनरुच्चार बिघडलेला.
• सर्वंकष प्रकार : तिन्ही बिघडलेले.

ही चौकट निर्विवाद नाही. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांना तपासणाऱ्या हेन्री हेड यांनी १९२६ मध्ये आकृत्यांवर विसंबणाऱ्यांवर टीका केली. २००७ मध्ये लेबोर्न्यच्या जतन केलेल्या मेंदूचे एमआरआय चित्रण प्रसिद्ध झाले, तेव्हा इजा ब्रोकांनी नोंदवल्यापेक्षा खोलवर गेलेली दिसली.

आता आपल्या देशाचा विचार करा. घरी कन्नड, बाजारात हिंदी, कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णाला एकाच भाषेत तपासले, तर चित्र अपुरे राहील. कधीच शाळेत न गेलेल्या बाईला वाचता आले नाही, तर ते आजाराचे लक्षण ठरत नाही. म्हणून प्रकाराचे नाव लिहिण्यापूर्वी रुग्ण आजारापूर्वी कोणत्या भाषा, कोणाशी व किती वापरत होता, हे घरच्यांना विचारा. नाव चुकले, तर उपचाराची दिशाही चुकू शकते.