नीकलावाच्या माथी मारलेला पंथ

'प्रकटीकरण' या ग्रंथात इफिसच्या मंडळीला शाबासकी मिळते, कारण नीकलाइतांच्या कृत्यांचा तिला तिटकारा आहे. त्याच पंथाची माणसे पदरी बाळगल्याबद्दल पर्गमच्या मंडळीला मात्र खडे बोल ऐकावे लागतात. हा पंथ काढला कोणी? यरुशलेमेत निवडलेल्या सात सेवकांतला, म्हणजे परंपरेने ज्यांना पहिले डीकन मानले त्यांतला शेवटचा, अंत्युखियाचा नीकलाव, असे छातीठोकपणे सांगितले जाते. मला ते पटत नाही.

या आरोपाचा पहिला मोठा साक्षीदार इरेनियस. त्याचे लेखन इ.स. १८०च्या आसपासचे, म्हणजे सातांच्या निवडीनंतर सुमारे दीडशे वर्षांनी झालेले. त्याचे बालपण स्मुर्ण्यात, इफिस-पर्गमच्याच मुलखात गेले, हे त्याच्या बाजूने धरायला हवे. पण या लोकांच्या आचरणाचा दाखला द्यायची वेळ येते तेव्हा तो 'प्रकटीकरणा'कडेच बोट दाखवतो. त्या ग्रंथात तर डीकनचे नावनिशाण नाही. नावाशी नाव जुळले, यापलीकडे हाती काय उरते?

लूक बारा शिष्यांची यादी देतो तेव्हा यहूदा इस्कर्योत द्रोही निघाला, हे तिथल्या तिथे नोंदवतो. सातांच्या यादीत नीकलावाविषयी तो इतकेच सांगतो की, हा अंत्युखियाचा, आणि जन्माने नव्हे तर धर्म स्वीकारून यहुदी झालेला. ग्रीकभाषी विधवांना रोजच्या वाटपात डावलतात अशी कुरकुर झाली, तेव्हा ज्यांचा लौकिक चांगला अशांची निवड झाली. त्यांत हा होता. पंथ मागाहून निघाला असेल, असे कोणी म्हणेल. म्हणूनच या मुद्द्यावर मी फार भार देत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट सांगतो की, बायकोवरून मत्सर करतोस असा ठपका प्रेषितांनी ठेवला, तेव्हा नीकलावाने तिला सर्वांसमोर आणून 'हवे त्याने हिच्याशी लग्न करावे' असे म्हटले. (तिला कोणी विचारल्याचे दिसत नाही!) क्लेमेंटच्या मते हा वासनेचा त्याग होता, नीकलावाने परस्त्री जाणली नाही, त्याच्या मुली अविवाहितच राहिल्या, मुलगाही निष्कलंक राहिला. चौथ्या शतकातला एपिफेनियस त्याच बायकोची कथा नेमकी उलटी करतो: ब्रह्मचर्य पेलले नाही आणि नीकलाव विषयलंपट झाला. पंथाच्या बदनामीला साजेसे चरित्र मागाहून रचले गेले, असेच मला वाटते.

हाच एपिफेनियस एबियोनी पंथाचा संस्थापक म्हणून 'एबियोन' नावाचा माणूस उभा करतो. त्याच्याआधी तर्तुलियनही तसेच मानून चालला होता. असा कोणी झालाच नाही. ते नाव 'गरीब' या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून आलेले. प्रत्येक पंथामागे एक माणूस हवाच, हा या मंडळींचा हट्ट. नीकलाइतांसाठी त्यांना माणूस घडवावा लागला नाही, तो यादीत आयताच सापडला. खरे तर नीकलाव हे ग्रीक जगात रुळलेले नाव. पंथाचा नीकलाव वेगळाच होता असे काही जण म्हणत, हे कॅसियननेही पाचव्या शतकात नोंदवले आहे.