डाळिंब, कांदा, तुळस खाल्ल्याने रेडिएशनपासून डीएनए वाचतो का?

सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या दाण्यांना लाल रंग देणारी अँथोसायनिन्स आणि सोलापूरच्या बाजार समितीत उतरणाऱ्या कांद्यातलं क्वेरसेटिन ही दोन्ही द्रव्यं 'फ्लेव्होनॉइड' या एकाच कुटुंबातली. ती रेडिएशनपासून डीएनएचं रक्षण करतात, असं सांगितलं जातं. यात तथ्य आहे, पण ते मुख्यतः प्रयोगशाळेपुरतं. घरात कॅन्सरचा पेशंट असेल, तर हा फरक समजून घ्यायलाच हवा.

रेडिएशनमुळे नेमकं काय होतं?

एक्स-रे किंवा गॅमा किरण कधी थेट डीएनएवर आदळतात. पण बरंचसं नुकसान आडवाटेने होतं. किरणांमुळे पेशीतलं पाणी फुटतं आणि 'हायड्रॉक्सिल रॅडिकल' हे अत्यंत आक्रमक कण तयार होतात. ते क्षणार्धात डीएनएचे धागे तोडतात. फ्लेव्होनॉइड स्वतःकडचा हायड्रोजन देऊन अशा कणांना शांत करू शकतात. मात्र त्यासाठी ते किरण पडण्याच्या क्षणी, पेशीत, पुरेशा प्रमाणात हजर असावे लागतात.

संशोधन काय सांगतं?

मणिपालमध्ये डॉ. पी. उमा देवी आणि सहकाऱ्यांनी तुळशीतल्या ओरिएंटिन आणि व्हिसेनिन या दोन फ्लेव्होनॉइडचा अभ्यास केला. रेडिएशन देण्याआधी ती उंदरांना टोचली, तेव्हा गुणसूत्रांचं नुकसान कमी झालं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही ट्रॉक्सेरुटिन या फ्लेव्होनॉइडपासून बनवलेल्या द्रव्यावर असे प्रयोग झाले आहेत.

मग डाळिंब खाऊन तेच का होत नाही?

टोचणं वेगळं, खाणं वेगळं. पोटात गेलेल्या फ्लेव्होनॉइडचा थोडाच भाग रक्तात पोहोचतो. आतडं आणि यकृत त्याचं रूपही बदलून टाकतात. प्रयोगात पेशींना मिळणारं प्रमाण सहसा त्याहून कितीतरी जास्त असतं.

रेडिएशन थेरपी सुरू असेल तर?

इथे सर्वात जास्त काळजी घ्या. या उपचारात ट्यूमरचा डीएनए तोडणं हेच उद्दिष्ट असतं. निरोगी पेशींना वाचवणारी गोळी ट्यूमरलाही वाचवू शकते. कॅनडात डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई मोठ्या डोसमध्ये एकत्र घेणाऱ्यांना उपचारांचा त्रास कमी झाला, पण त्याच जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण वाढण्याकडे कल दिसला. ही द्रव्यं फ्लेव्होनॉइड नव्हेत, पण अँटिऑक्सिडंट म्हणूनच दिली होती.

म्हणून अर्क, पावडर, कॅप्सूल सुरू करण्याआधी रेडिएशन देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. आधीपासून घेत असाल, तर तेही सांगा. जेवणातला कांदा किंवा वाटीभर डाळिंबाचे दाणे ही वेगळी गोष्ट. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं नसेल, तर ते खायला हरकत नाही.

आणि मोबाइलचं रेडिएशन?

मोबाइलच्या लहरींमध्ये एक्स-रेसारखे डीएनएचे धागे तोडण्याइतकी ऊर्जा नसते. त्या भीतीपोटी महागडी 'अँटी-रेडिएशन' पावडर घेण्याची गरज नाही.

थोडक्यात, डाळिंब चवीसाठी आणि पोषणासाठी जरूर खा, पण त्याला रेडिएशनविरुद्धचं कवच समजू नका.